घरची साक्ष

विम्याच्या साहेबाने काकूंची साक्ष धरली नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

काका-काकू हे सख्खे कुणाचेच नव्हेत. त्यांची रोपवाटिका होती आणि तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठं असलं तरी, त्यांना काका-काकूच म्हणायचं. तेवीस वर्षं हा धंदा चालला होता. सकाळी पिकअपच्या मागे कुंड्या रचायच्या, मध्ये पोती कोंबायची, दोरी आवळायची आणि कुणाच्या गच्चीवर गुलाब, कुणाच्या कचेरीत रबराचं झाड असं पोचवत फिरायचं. गाडी काका चालवत. काकू शेजारी बसत. त्यांच्या मांडीवर त्या दिवशीचं सगळ्यात नाजूक रोप असे आणि तोंडाचा पट्टा घरापासून घरापर्यंत चालू असे.

"अहो, डावीकडे सायकल. अहो, हा खड्डा परवापेक्षा रुंद झालाय. त्या लाल दाराच्या आधी वळा, नंतर नाही. मागच्या वेळी नंतर वळलात आणि शाळेच्या आवारात शिरलात."

पुढच्या गाडीचा नंबर मोठ्याने वाचायची तर त्यांना खोडच होती. कशाला वाचता म्हणून कुणी विचारलं, तर त्या म्हणत, "लिहिलाय तो वाचायलाच ना?" काका यातलं निम्मं ऐकत आणि सगळं पाळत. आपण ऐकत नाही असं मात्र त्यांना मनापासून वाटे.

तर झालं असं, की एका चढावर लाल दिवा लागला. काकांनी पिकअप थांबवली, हँडब्रेक ओढला. पुढे एक निळी गाडी होती. ती हळूहळू मागे घरंगळत आली आणि पिकअपच्या तोंडावर येऊन आदळली. दिवा फुटला, बंपर चेपला. निळ्या गाडीतला गृहस्थ खाली उतरला, आणि काका काही बोलायच्या आत त्यानेच आवाज चढवला, "डोळे आहेत का बटणं? उभ्या गाडीला ठोकता?"

आता मागची गाडी पुढच्या गाडीला ठोकते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढची गाडी मागे येऊन ठोकते हे कुणाला पटवायचं म्हणजे अवघडच. पण काकू निर्धास्त होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

विम्याच्या कचेरीत त्यांनी ते सगळं सांगितलं. साहेब पन्नाशीचा होता, टेबलाला काच होती आणि काचेवर एक मरायला टेकलेलं रोप होतं. काकूंनी आधी त्याच्या मातीत बोट घालून "पाणी फार होतंय हो याला" असं सांगून टाकलं आणि मग मूळ विषयाला हात घातला. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. निळ्या गाडीचा डावीकडचा मागचा दिवा लागत नव्हता. आतला माणूस पायाशी पडलेलं काहीतरी उचलायला वाकला होता, म्हणून त्याचा ब्रेकवरचा पाय सुटला. शर्टाला उभ्या रेघा होत्या. त्याने उतरल्यावर आधी स्वतःच्या गाडीकडे बघितलं नाही, आजूबाजूला कोण बघतंय ते बघितलं. नंबर तर त्यांनी दोनदा सांगितला.

साहेबाने पेनाचं टोपण काढलंसुद्धा नाही.

"बाई, तुम्ही यांच्या कोण?"

"बायको."

"मग ही घरची साक्ष झाली. घरची साक्ष आम्ही धरत नाही. बाहेरचं कुणी असलं तर सांगा."

"अहो पण बाहेरचं कुणी गाडीत कसं असेल?" काकू म्हणाल्या. "आणि गाडीत असल्याशिवाय दिसेल कसं?"

साहेबाने काकांकडे बघितलं. पुरुषाने पुरुषाकडे बघावं तसं बघितलं. काकांनी घसा खाकरला, टोपी मांडीवर फिरवली आणि म्हणाले, "साहेब म्हणतात ते बरोबर आहे."

साहेबाचं काकूंना एवढं लागलं नाही. खुर्चीत बसून कागद रंगवणारा माणूस, त्याला रस्त्यावरचं काय कळणार? पण काका त्या वेळी शेजारच्याच सीटवर होते. हँडब्रेक त्यांनीच ओढला होता. ते वाक्य काकूंच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच, आणि काकांना त्याचा पत्ताही नव्हता.

उलट त्यांना वाटलं, आपल्याला फारच छान युक्ती सुचली आहे. रात्री जेवताना ते म्हणाले, "आपण गाडीत कॅमेरा बसवू. म्हणजे पुन्हा कुणाच्या बोलण्यावर अडायला नको."

"कुणाच्या म्हणजे माझ्या ना?" काकूंनी विचारलं.

"तसं नाही गं."

"तसंच आहे," काकू म्हणाल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत उचलू लागल्या.

दुकानात मात्र त्या बरोबर गेल्या. आपल्या जागी कोण येतंय ते बघायला नको का? दुकानदार गोलमटोल आणि बोलका होता. त्याने काचेच्या कपाटातून एकामागून एक डबे काढून मांडले. एका डोळ्याचा, दोन डोळ्यांचा, पुढचं आणि मागचं दोन्ही बघणारा, अंधारात बघणारा, गाडी उभी असतानाही जागा राहणारा.

"याच्या लक्षात किती राहतं?" काकूंनी पहिल्याच कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.

"कार्डावर आहे ते. हे कार्ड घातलं तर आठ तास."

"आणि मग?"

"मग जुनं पुसून त्याच्यावर नवं घेतो. आपोआप. तुम्हाला काही करावं लागत नाही."

"म्हणजे आठ तासांनी विसरतो," काकू म्हणाल्या. "मला आमच्या लग्नात कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं ते आठवतं."

"तिला आठवतं," काकांनी दुजोरा दिला. "कोण रुसून उठून गेलं तेही आठवतं."

दुकानदाराने हसून दुसरा डबा पुढे केला. हा म्हणे बोलतो. पुढची गाडी जवळ आली की सांगतो, रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की सांगतो, डुलकी लागायला आली तर ओरडतो. त्याने बटण दाबलं तर आतून एका बाईचा गोड आवाज आला, "कृपया अंतर ठेवा." काकूंनी त्या डब्याकडे असं बघितलं, की काकांनी तो स्वतःच उचलून परत कपाटात ठेवला.

"बोलणारा नको," ते म्हणाले. "त्या बाबतीत आमच्याकडे कमी नाही."

शेवटी एक साधा, एका डोळ्याचा, न बोलणारा कॅमेरा घेतला. दुकानदार बसवून देतो म्हणाला, वायर छताच्या कडेने आत दडवून देतो म्हणाला. पण काकांनी डब्यावर "पाच मिनिटांत बसवा" हे वाचलं होतं. ते म्हणाले, "मी बसवीन. पाच मिनिटांचं तर काम."

ते पाच मिनिटांचं काम सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला सुरू झालं. आधी काच पुसली. मग माहितीपत्रक उलगडलं. ते उलगडता उलगडता पूर्ण बॉनेटवर पसरलं आणि त्यातली चित्रं बघून काकांनी कॅमेरा उलटा जोडला. छोट्या पडद्यावर आभाळ खाली आणि रस्ता वर दिसू लागला. दवाखान्यात कामाला असलेली त्यांची मुलगी तेवढ्यात चहा घेऊन आली. ती म्हणाली, "बाबा, आपण रोपं लावतो तेव्हा मुळं खाली ठेवतो ना? तसंच हे." काकांनी तो सुलटा केला. मग चिकटवायची वेळ आली. मागचा चिकटपट्टा एकदाच चिकटतो असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. काकांनी श्वास रोखला, डोळे मिटले आणि कॅमेरा काचेवर दाबून धरला. डोळे उघडले तेव्हा तो बरोबर काकूंच्या तोंडासमोर बसला होता.

"मला सिग्नल दिसत नाही," शेजारच्या सीटवरून काकू म्हणाल्या.

"मान जरा तिरकी कर."

"तेवीस वर्षं सरळ बसले. आता यंत्रासाठी मान तिरकी करायची?"

पण पट्टा एकदाच चिकटत होता. काढायचा म्हणजे दुसरा आणायचा, आणि दुकानदाराला सांगायचं की चुकलं. ते काकांच्याने होणार नव्हतं. वायर दडवणं तर राहूनच गेलं. ती कॅमेऱ्यापासून निघून डॅशबोर्डवरून आडवी सरपटत सिगारेट पेटवायच्या भोकात जाऊन खुपसली होती. दुपारी दोनला काकांनी घाम पुसला आणि काम फत्ते झाल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीने कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. तिघं मिळून बघायला बसली. चित्र खरोखर स्वच्छ होतं. रस्ता, झाडं, पुढच्या गाडीचा नंबर, सगळं. काका खूश होऊन मांडी थापटणार, एवढ्यात आवाज सुरू झाला. कॅमेरा न बोलणारा होता, पण ऐकणारा होता, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आवाज फक्त काकूंचा होता. पहिला अर्धा तास सायकली, खड्डे आणि नंबर. मग मावसबहिणीने दिलेल्या चादरी धुतल्यावर कशा आखडल्या. मग पुन्हा नंबर. मग ज्या गिऱ्हाइकाकडे आता जायचं होतं त्याने मागच्या वेळी पाणीही कसं विचारलं नाही, त्याच्या बायकोने केस कापले ते कसे वाईट दिसतात, आणि लगेच, "थांबा, हेच घर." अधूनमधून काकांचा एक "हं" यायचा. मुलीने मोजायला सुरुवात केली. तासाभरात काकांचे सतरा "हं" झाले. ती हसून हसून खुर्चीतून खाली आली. काकाही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी आजवर स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. हा एवढा? हा असा, न थांबता? आणि हे घरातलं माणूस तेवीस वर्षं "हं" म्हणत बसलं होतं. साहेबाने पेनाचं टोपण का उघडलं नाही ते त्यांना एकदम कळल्यासारखं झालं, आणि वाईट वाटलं. रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा लावायचं नाही. ज्याला साक्ष द्यायची आहे त्याने द्यावी. मी आपली गप्प बसते."

आणि त्या खरंच गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून पिकअपमध्ये शांतता पसरली. पहिल्या दिवशी काकांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते लाल दाराच्या नंतर वळले आणि शाळेच्या आवारात शिरले. मधली सुट्टी होती. शंभर पोरांनी पिकअपभोवती गराडा घातला आणि मुख्याध्यापकांनी स्वतः येऊन वाट करून दिली. काकू समोर बघत बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी लिंबाची रोपं वकिलाकडे गेली आणि वकिलाची निवडुंगं पाळणाघरात. पाळणाघराच्या बाईंनी फोनवर जे सुनावलं ते काकांनी फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकलं. चौथ्या दिवशी एका बोळातून गाडी मागे घेताना त्यांनी सवयीने विचारलं, "येऊ का?" उत्तर आलं नाही. त्यांनी तीन वेळा विचारलं, मग खाली उतरले, मागे जाऊन बघितलं, परत येऊन बसले, हातभर गाडी मागे घेतली आणि पुन्हा उतरले. असं सात वेळा झालं. बोळ काही फार लांब नव्हता.

"अगं बोल की काहीतरी," शेवटी ते काकुळतीला येऊन म्हणाले.

काकूंनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्याला विचारा, असा त्याचा अर्थ होता.

पण तोंड बंद ठेवायचं म्हणजे हाताला चाळा लागतो. काकूंनी घरून पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा आणि क्रोशाची सुई आणली. दोन थांब्यांच्या मध्ये एक फूल, लांबच्या रस्त्यावर चार. तोंडातून बाहेर न पडलेलं सगळं बहुतेक त्या दोऱ्यात गेलं असावं, कारण आठ दिवसांत डॅशबोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकेल एवढं विणकाम तयार झालं. पांढरंशुभ्र, ठसठशीत फुलांचं. काकूंनी ते अंथरलं. त्याखाली ती घाणेरडी वायर दिसेनाशी झाली. ऊन आलं की फुलं समोरच्या काचेत उमटायची. कुणाला सांगितलं नाही, पण ती त्यांना आवडायची.

कॅमेऱ्यालाही ती फुलं दिसत असतील हे दोघांच्या गावीही नव्हतं. कार्ड पुन्हा लावून बघायला काकूंनीच बंदी घातली होती.

तेराव्या दिवशी भर दुपारी बाजाराच्या मागच्या रस्त्यावर काकांनी पिकअप थांबवली. पुढे सामान उतरवणारी हातगाडी होती, ती हलेपर्यंत थांबणं भाग होतं. काकूंच्या मांडीवर नेच्याची कुंडी होती. डाव्या बाजूला दुकानापुढे एक राखाडी व्हॅन तिरकी उभी होती. तिचा मागचा पांढरा दिवा लागला. काकूंनी ते बघितलं. ओठ दाबले. व्हॅन हलली. काकूंनी कुंडी घट्ट धरली. व्हॅन मागे येऊ लागली, आणि तेरा दिवसांचा बांध फुटला.

"अहो, ती व्हॅन बघा! राखाडी, डावीकडची, मागे येतेय! आरशात बघत नाहीये तो, फोन आहे कानाला! सात शून्य चार दोन! हॉर्न द्या! अहो आपण उभे आहोत, हलू नका, हातगाडीला लागेल! हॉर्न! अहो माणसा, थांब! सात शून्य चार दोन! आला, आला, आला..."

मग मोठा आवाज झाला. काकूंच्या बाजूचं दार आत चेपलं. नेचा त्यांच्या मांडीवरून काकांच्या मांडीवर गेला. कुणाला लागलं नाही. व्हॅनवाला उतरला, फोन खिशात घातला आणि म्हणाला, "मी उभा होतो. तुम्ही घासून गेलात."

काकांनी चेपलेल्या दाराकडे बघितलं, माती झटकली आणि विजयी मुद्रेने काचेकडे बोट दाखवलं. "कॅमेरा आहे," ते म्हणाले.

साहेब तोच होता, टेबलही तेच. रोप मात्र नव्हतं. काकूंनी रिकाम्या जागेकडे बघितलं, तसा साहेब उगाचच कागद सारखे करू लागला. काकूंनी यावेळीही घडलं ते सांगितलं. थोडक्यात सांगितलं, कारण आता त्यांना माहीत होतं की आपण फार बोलतो. साहेबाने ऐकलं, मान डोलावली आणि पेन न उचलता म्हणाला, "ते ठीक आहे. रेकॉर्डिंग आणलंय ना?"

काकांनी कॅमेरा चिकटपट्ट्यासकट उपटून पिशवीतून आणला होता. त्यातलं कार्ड साहेबाने कॉम्प्युटरमध्ये घातलं. तिघंही पडद्याकडे वाकली.

पडद्यावर फुलं होती. पांढरी, ठसठशीत, क्रोशाची फुलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्या मागे कुठेतरी रस्ता असावा असा संशय येत होता. एक करडा ढग डावीकडून फुलांमध्ये शिरला आणि चित्र हादरलं.

"हे काय आहे?" साहेब म्हणाला.

"ते माझं विणकाम आहे," काकू हळूच म्हणाल्या. "वायर झाकायला घातलं होतं." झालं, म्हणजे आपण बोललो तरी उपयोग नाही आणि गप्प बसलो तरी नुकसानच. काकांकडे बघायचा त्यांना धीर होईना.

साहेबाने डोकं खाजवलं, काहीतरी दाबलं आणि आवाज मोठा केला.

"...राखाडी, डावीकडची, मागे येतेय! आरशात बघत नाहीये तो, फोन आहे कानाला! सात शून्य चार दोन!"

शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर करून बघू लागला. साहेबाने ते तीनदा ऐकलं. मग पेन उचललं, टोपण काढलं आणि लिहायला बसला. रंग, बाजू, फोन, नंबर, आपली गाडी उभी, पुढे हातगाडी. लिहिताना तो अगदी उल्हसित झाला होता.

"उत्तम," तो म्हणाला. "काही शिल्लकच राहिलं नाही. इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो. व्हॅनवाल्याची चूक."

"साहेब," काकू म्हणाल्या, "हे सगळं मी तुम्हाला आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, याच खुर्चीत बसून सांगितलं."

"हो, पण ती घरची साक्ष झाली. हे रेकॉर्डिंग आहे."

"बाई तीच आहे. तोंडही तेच आहे."

"नियम आहे, बाई," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाला. त्याने कागद फिरवून काकांपुढे सरकवला. "इथे सही करा. कॅमेऱ्याने दिलेल्या माहितीनुसार, असं लिहिलंय. बरोबर आहे ना?"

काकांनी पेन हातात घेतलं. काकूंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. पुढे काय होणार ते त्यांना पाठ होतं. घसा खाकरला जाईल, आणि मग साहेब म्हणतील ते बरोबर असेल.

घसा खाकरला गेला.

"नाही," काका म्हणाले. "बरोबर नाही."

साहेबाने वर बघितलं.

"कॅमेऱ्याला काही दिसलं नाही, साहेब. फुलं दिसली. दिसलं ते हिला. मी हातगाडीकडे बघत होतो, मला व्हॅन दिसलीसुद्धा नव्हती. ही ओरडली नसती तर धक्का बसताच मी घाबरून गाडी पुढे काढली असती आणि तो हातगाडीवाला माझ्या चाकाखाली आला असता. तेव्हा कॅमेऱ्याने म्हणून लिहू नका. हिने म्हणून लिहा."

"पण ते तसं लिहिलं की घरची साक्ष..."

"मग घरची म्हणून लिहा. तुमचं रेकॉर्डिंग आहेच जोडलेलं." काकांचे कान लाल झाले होते. एवढं सलग ते रोपवाटिकेच्या कर्जाच्या वेळीही बोलले नव्हते. "आणि आणखी एक. ती चढावरची निळी गाडी. ती मागेच आली होती. मी हँडब्रेक ओढून बसलो होतो, मला माहीत होतं. हिने सांगितलं ते अक्षर अन् अक्षर खरं होतं आणि मी इथे बसून तुमच्या हो ला हो केलं. लाज वाटते मला त्याची."

"ती फाईल बंद झाली," साहेब म्हणाला. "आता त्यात काही करता येणार नाही."

"राहू दे बंद. मला फाईल उघडायची नाही. हिच्या देखत तुम्हाला सांगायचं होतं."

साहेब थोडा वेळ पेन टेबलावर आपटत बसला. मग त्याने कागद परत आपल्याकडे ओढला, एक ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. काकूंनी मान तिरकी करून ते उलटं वाचलं. 'सोबत असलेल्या पत्नीने पाहिल्यानुसार.' त्यांनी पदराने नाक पुसलं. बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि तेरा दिवस गप्प बसून जमलं नव्हतं ते आत्ता झालं, त्यांना शब्दच सापडेना.

बाहेर पायऱ्या उतरताना सापडला. त्या अर्ध्या जिन्यात थांबल्या.

"अहो! जन्मात एकदा तुम्ही एवढं बोललात. चारचौघांत बोललात. आणि तो मेला कॅमेरा पिशवीत, कार्ड साहेबाच्या कॉम्प्युटरात! याचं रेकॉर्डिंग कुणी करायचं?"

"कशाला हवंय रेकॉर्डिंग?" काका म्हणाले. "तुझ्या लक्षात राहील की."